वीतभर मातीचा माळ

एका राज्यात पक्षी मोकळेपणानं बोलत आणि माणसं मात्र बोलायला भीत. तिथला राजा शार्दूलसेन तसा वाईट नव्हता, पण त्याला कोठारांचं वेड होतं. सात कोठारं भरली तरी त्याचा डोळा आठव्यावर. हे वेड त्याच्या डोक्यात भरवलं कर्कट मांत्रिकानं. कर्कटाची सगळी विद्या आणि जीवही एका लोखंडी फाळात होता. वर्षातून एकदा तो हा फाळ नांगराला जोडून राजाच्या काळ्याभोर मळ्यात चालवी. फाळ हातभर खोल जाई आणि मळा दुप्पट पिके. एरवी तो फाळ उशाशी घेऊन झोपे.

कर्कटाच्या सांगण्यावरून राजानं दवंडी पिटवली, की यापुढे बोटभर जमीनही गवताला ठेवायची नाही. लोकांनी आपल्या लाकडी नांगरांनी राज्यातल्या तीन माळांपैकी दोन नांगरले. पहिल्या वर्षी बाजरी कमरेला लागली. दुसऱ्या वर्षी ती गुडघ्याशी थांबली. तिसऱ्या वर्षी वारा आला आणि मातीच घेऊन गेला. घरात बसून याबद्दल जो कुजबुजला, त्याचा कर्कटानं बांधावरचा दगड केला. असे एकवीस दगड झाले. एकविसावा होता म्हस्कू धनगर, तिसऱ्या आणि शेवटच्या माळाचा राखणदार. माळ नांगरू देणार नाही, असं तो घरात म्हणाला होता.

म्हस्कूची मुलगी धुळाई त्या दगडापाशी रडत बसली नाही. दगडाला हात लावून ती उठली, खांद्यावर घोंगडी टाकली आणि थेट दरबारात गेली.

"महाराज, माळ नांगरायचा न्हाई. आन माजा बाप परत द्या," ती म्हणाली.

दरबारात उभं राहून जो 'नाही' म्हणेल त्याला तीन कामं द्यायची, अशी त्या गादीची जुनी रीत होती. कामं झाली तर मागेल ते द्यायचं, नाही झाली तर शिक्षा, म्हणजे आता बाविसावा दगड. ही रीत वापरायची छाती शंभर वर्षांत कुणाला झाली नव्हती.

कर्कटानं दिलेलं पहिलं काम असं, की डोळे बांधून तीन मडक्यांतली माती ओळखायची. धुळाईनं पहिली माती भिजवून वळली. ती बोटांना चिकटली, तिची लांब वळी झाली. ही काळी, हिच्यात हिवाळ्यापर्यंत ओल राहते, शाळू पेरा, असं तिनं सांगितलं. दुसरी साबणासारखी बुळबुळीत आणि जिभेला खारट लागली. ती चोपण निघाली. हिला पाणी पाजाल तर आणखी बिघडेल, असंही तिनं बजावलं. तिसरी बोटांत करकरली. धुळाई हसली, कारण तो तिच्या माळाचा मुरूम होता, फक्त गवत धरून ठेवणारा. तिन्ही उत्तरं बरोबर आली आणि कर्कटाच्या कपाळाला आठी पडली.

दुसरं काम म्हणजे वाऱ्यानं नेलेली माती पाटीभर परत आणायची. धुळाई पाटी घेऊन दोन दिवस हिंडली. पायांना फोड आले, पाटी रिकामीच. तिसऱ्या सकाळी आपल्या माळावर तिला माळढोक पक्षीण भेटली. ती उघड्या जमिनीवर एकुलतं एक अंडं उबवत होती.

"वारा गवताला अडतो. मुळाशी बघ," पक्षीण म्हणाली. "आणि माळ राख. मी उडून जाईन, माझं अंडं उडणार नाही."

धुळाईनं माळाच्या कडेचं गवत बाजूला सारलं. मुळामुळाशी नांगरलेल्या माळांची धूळ पिठासारखी साचली होती. दुपारच्या आत पाटी भरली.

तिसऱ्या कामासाठी सगळा दरबार माळावर आला. कर्कटानं लाकडी नांगर तिच्यापुढे टाकला आणि गोड आवाजात म्हणाला, "काम सोपं आहे. स्वतःच्या हातानं एकच रेघ ओढ. बाप मोकळा होईल."

बांधावरचा म्हस्कूचा दगड समोर दिसत होता. धुळाईचे हात नांगराकडे गेले. एकच रेघ, तेवढ्यात बाप घरी! पण त्या एका रेघेमागे शंभर नांगर उभे होते, हे तिला दिसत होतं. तिनं हात मागे घेतले.

"न्हाई ओढनार. न्हाई म्हनला म्हनून माजा बाप दगड झाला. मी व्हय म्हनले, तर त्याला कंच्या तोंडानं घरी न्यू? करा मला दगड. पन ऐका, हितं माती वीतभर हाय. खाली कातळ हाय."

कर्कट खदखदून हसला. गवत एवढं हिरवं, म्हणजे माती खोल असणारच, असं तो राजाला म्हणाला. जन्मात त्यानं मातीत बोट घातलं नव्हतं, तर त्याला कळावं कसं! या पोरीची जिरवायचीच म्हणून त्यानं आपला फाळ मागवला, नांगराला जोडला आणि बैलांना चाबूक ओढला.

फाळ वीतभर गेला आणि कातळावर आदळला. खणकन आवाज होऊन त्याचे दोन तुकडे झाले. कर्कट जागच्या जागी राख झाला आणि ती राख वाऱ्यानं उचलली. गवतानं तिचा एक कणही अडवला नाही.

बांधावरचे एकवीस दगड अंग झाडत उठले. म्हस्कूनं आधी मेंढ्या मोजल्या, मग लेकीकडे पाहिलं.

"पोरी, माळ?"

"हाय जागच्या जागी," धुळाई म्हणाली, आणि मग मात्र ती पोटभर रडली.

राजा घोड्यावरून खाली उतरला. त्यानं कातळावरची वीतभर माती बोटांनी मोजली आणि मान खाली घातली. त्या दिवसापासून काळीत शाळू, चोपणीत आणि माळावर गवत, असं ठरलं. सुगी झाली की धनगर रिकाम्या रानात मेंढ्या बसवी, लेंडीखतानं रान कसदार होई, आणि शेतकरी त्याला धान्य देई. नांगर धरण्याआधी पहार मारून मातीची खोली बघायची, हा राजाचा हुकूम झाला, आणि पहिली पहार राजानं स्वतः मारली.

माळढोकीच्या अंड्यातून पिल्लू निघालं. त्याचा पहिला शब्द होता, 'नाही'. माळाचं गवत माळावर राहिलं, गोष्ट तुमच्या ओटीत आली.