डोमाजी आणि उन्हात नासणारं एन्झाइम

वीज केंद्राच्या उंच चिमणीखाली एक गाव होतं आणि त्या गावात डोमाजी नावाचा एक भोळा गडी होता. केंद्रात बोकारे मॅडमनी धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडायचा प्रयोग मांडला होता. टाकीतल्या पाण्यात एन्झाइम घालायचं आणि त्यातून धूर सोडायचा. एन्झाइममुळे तो वायू चटकन पाण्यात अडकतो. टाकीची राखण डोमाजीकडे आली, पण नोकरी कच्ची. बायको पार्बतानं बजावलं, "सांगतीन तेवढंच करा. आपलं डोकं लावू नका. या टायमाले नोकरी पक्की नाही झाली, त मी चालली माहेरी." डोमाजीचा तिच्यावर फार जीव.

एन्झाइमचा डबा आला. डोमाजीनं तो उन्हात ठेवला आणि एन्झाइम नासलं. मॅडम म्हणाल्या, हे ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवायचं. डोमाजीनं मान डोलावली.

मग ओट्यासाठी सिमेंट आलं. त्यानं ते ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवलं. सकाळी त्याचा धोंडा झाला होता.

"तुमीच त सांगतलं होतं," डोमाजी म्हणाला.

मॅडमनी समजावलं, आलेली वस्तू आधी कोरड्या ताडपत्रीवर ठेवावी.

मग कामगारांसाठी घागरभर ताक आलं. डोमाजीनं ताडपत्री अंथरली आणि ताक तिच्यावर ओतलं.

"तुमीच त सांगतलं होतं."

मॅडम ओरडल्यासुद्धा नाहीत. अशा वस्तूवर झाकण घालावं, माशा बसतात, एवढंच म्हणाल्या.

शेवटी मोठे साहेब पाहणीला यायचे ठरले. मॅडम म्हणाल्या, "उद्या एन्झाइमला ऊन लागू देऊ नका, डोमाजी. ते नीट राहिलं तर तुमची नोकरी पक्की."

हे एन्झाइम मिळतं तरी कुठं, असं त्यानं विचारलं. मॅडमनी सहज सांगितलं, आपल्या सगळ्यांच्या रक्तातसुद्धा हे असतंच. डोमाजी एकदम गंभीर झाला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी साहेब गाडीतून उतरले. ऊन मी म्हणत होतं. साहेब लालबुंद झालेले. डोमाजीला रक्तातलं एन्झाइम आठवलं. मॅडम हार आणायला आत गेल्या होत्या.

त्या बाहेर आल्या तेव्हा साहेब टाकीच्या सावलीत होते. गळ्यापर्यंत ओल्या पोत्यात गुंडाळलेले, वरून सुतळीनं बांधलेले, आणि डोक्यावर पालथं घमेलं.

"जराही नासू देल्लं नाही, मॅडम," डोमाजी हरखून म्हणाला. "झाकण तेवढं हालते. साहेब आतून बोलून राहिले. मंग, पार्बताले सांगू ना, नोकरी पक्की झाली म्हणून?"