एका नावेत दोन वाड्या

ज्या काळाचं पंचांग आता कुणाकडेच उरलेलं नाही, त्या काळी एका अफाट नदीच्या मधोमध एक बेट होतं. पूर्वेच्या काठावर एक बलाढ्य राजा, पश्चिमेच्या काठावर दुसरा. दोघांचं हाडवैर.

बेट नुकतंच स्वतंत्र झालं होतं. लोकांनी आपली पहिली प्रमुख म्हणून एका म्हाताऱ्या नावाडणीला निवडलं. सगळे त्यांना आत्याबाई म्हणत. त्या फारच कमी बोलत. त्यामुळे प्रत्येकाला वाटे, यांच्याकडून आपल्याला हवं ते करून घेता येईल.

बेटावर दोन वाड्या होत्या, जावांसारख्या. बोलणं गोड, चूल वेगळी. पूर्ववाडीचे नावाडी फक्त पूर्वेचं पाणी जाणत, पश्चिमवाडीचे फक्त पश्चिमेचं. कुठे खडक, कुठे भोवरा, हे ते एकमेकांना मेले तरी सांगत नसत.

पहिल्याच दिवशी आत्याबाई म्हणाल्या, "यापुढे प्रत्येक नावेत दोन्ही वाड्यांची माणसं बसतील. आणि आपण कुणाचंही सैन्य पार नेणार नाही."

"त्यांच्याबरोबर?" पूर्ववाडीचा थोरला नावाडी फणकारला. "त्यांना वल्हं तरी धरता येतं का?"

"नाही ना? मग शिकव."

लवकरच पूर्वेच्या राजाचा वकील आला. "आमचं सैन्य पलीकडे पोचवा. नाहीतर बेटावर आमचा झेंडा लागेल."

"काल पश्चिमेचा वकीलही हेच म्हणाला. बसा, ताक घ्या. उत्तर दोघांनाही एकच आहे. नाही."

वकील ताक न पिताच उठला. जाताना मात्र त्याने थोरल्याला गाठलं. "नावा दे. राजेसाहेब तुलाच प्रमुख करतील."

थोरला भुलला. पहाटे पश्चिमवाडीच्या जोडीदारांना न सांगता त्याने पूर्वेच्या काठावरून सैनिकांनी भरलेल्या दहा नावा पाण्यात लोटल्या. पहिल्या नावेत खुद्द पूर्वेचा राजा होता. बेटाला वळसा घालून नावा पश्चिमेच्या पाण्यात शिरल्या मात्र, भोवऱ्यांनी त्यांना पाचोळ्यासारखं फिरवायला सुरुवात केली.

पश्चिमवाडी काठावर धावली. "बुडू देत फितुरांना!" कुणीतरी ओरडलं.

"फितुरीचा निवाडा आपण करू, नदी नाही," आत्याबाई म्हणाल्या आणि स्वतः नावेत चढल्या.

मग वाडीतली सगळी माणसं निघाली. थोरल्याचा जोडीदार बेंबीच्या देठापासून ओरडत होता, "दादा, डावं वल्हं सोड! खडक उजवीकडे आहे! आता ओढ!" पिढ्यान्‌पिढ्या लपवलेलं पाणी त्या सकाळी उघड्यावर ओरडून सांगितलं जात होतं.

एकही जीव गेला नाही.

राजा काठावर निथळत उभा होता. "मला का वाचवलंत? मी उद्या पुन्हा येईन."

"या की. नावाडी मिळतो का बघा."

राजाने थोरल्याकडे पाहिलं. थोरल्याने खाली घातलेली मान वर केली आणि सर्वांदेखत म्हणाला, "नाही, महाराज."

ज्याच्यापुढे सगळे वाकत, त्या राजाने त्या गप्प म्हातारीपुढे हात जोडले आणि सैन्य घेऊन तो परतला. पुढे दोन्ही राजांचा तह झाला, तोही त्याच बेटावर. दोघांनाही जिथे निर्धास्त बसता येईल अशी तेवढीच जागा होती.

तात्पर्य : घरातल्या घरात ज्यांनी एकमेकांवर विश्वास टाकला, त्यांनाच दारातल्या बलाढ्याला 'नाही' म्हणता येतं.