गजराबाईची तोंडी परीक्षा

आमच्या गावच्या चर्चमध्ये तेव्हा प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकरी-द्राक्षरसाच्या पवित्र विधीला पहिल्यांदा बसण्याआधी चर्चच्या पंचांपुढे तोंडी परीक्षा द्यावी लागे. पंच शमुवेलराव असे करडे, की भलेभले चळाचळा कापत. शेळ्या राखणारी निरक्षर गजराबाई पुढे आली, तेव्हा तिला नापास करायचंच म्हणून त्यांनी विचारलं, "आपण मागण्याआधीच देवाला आपल्या गरजा ठाऊक असतात, असं बायबल सांगतं. मग प्रार्थना कशाला करायची?"

गजराबाईनं पदर सावरला. "साहेब, याचं उत्तर तुमाला ठावं हाय?"

"म्हणजे काय! चांगलं ठाऊक आहे."

"मग मला कशापायी इचारता?"

"तुझ्या तोंडून ऐकायचंय म्हणून!"

"देवाचंबी तसंच हाय, साहेब."

शमुवेलरावांनी परीक्षेची वही मिटली. त्या रविवारी गजराबाई प्रभुभोजनाला बसली.

आता ती परीक्षा कागदावर होते. कुणाला कुणाच्या तोंडून काही ऐकायचंच नसतं.