झोळीचा बंद

“...मग बाबा, जूनमध्ये हिला शाळेत घालू, की राहू देऊ अशीच घरी?”

सुलक्षणानं एका दमात विचारून टाकलं. टेकडी चढून आल्याची धाप अजून बसली नव्हती.

आश्रमाच्या ओट्यावर म्हातारे बाबा फाटकी झोळी शिवत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“शिकते का घरी?”

“शिकते म्हणते. दम्यामुळं बसचा प्रवास सोसेना, म्हणून नववीला घरी ठेवली. मोबाइलवर तास असतात. पण मला काय कळतं त्यातलं? मला सातवीतूनच काढून घरी बसवलं होतं, बाबा. आता लेकीलाही मीच बसवली की काय, या धास्तीनं जीव थाऱ्यावर नसतो.”

“आई, पुरे ना!” ईश्वरी म्हणाली. “बाबा, शाळेतल्या मुली अजून दुसऱ्याच धड्यावर आहेत. माझा जगाचा इतिहास संपत आला.”

“अख्ख्या जगाचा?”

“दुप्पट वेगानं ऐकते मी.”

बाबा हसले. मग सुलक्षणाकडं वळले. “आणि तू कुठं असतेस तेव्हा?”

“स्वयंपाकघरात. पाय न वाजवता. तास संपेस्तोवर कुकरसुद्धा लावत नाही. तिच्या कानात वायर असते ना... ती मीच आणून दिली, भांड्यांचा त्रास नको म्हणून. मला दारातून नुसती मान हललेली दिसते.”

...

बाबांनी सुई झोळीत टोचून ठेवली.

“आज कुठवर आलीस?”

“फ्रान्सची राज्यक्रांती.” ईश्वरीनं मोबाइल काढला, वायर जोडली आणि एक टोक ऐटीत बाबांपुढं धरलं.

बाबांनी वायर उपसून काढली. व्हिडिओ थांबला.

“आता लाव.”

भरभर बोलणारा आवाज ओट्यावर सांडला. सुलक्षणाला एक अक्षर लागेना.

“जरा हळू लाव गं,” ती चाचरत म्हणाली.

ईश्वरीनं तोंड वाकडं केलं, पण वेग कमी केला.

पॅरिसमध्ये पाव मिळेना. बाजारातल्या बायका खवळल्या, हजारोंनी जमल्या आणि भर पावसात राजाच्या महालाकडं पायी निघाल्या...

“थांब, थांब,” सुलक्षणा म्हणाली.

“आता काय?”

“त्यांनी पोरं कुणापाशी ठेवली असतील गं?”

ईश्वरीनं व्हिडिओ थांबवला.

“ते... नाही सांगितलं यात.”

“रात्री परत तरी आल्या का? की पोरं तशीच झोपली?”

“दुसऱ्या दिवशी आल्या. राजालाच घेऊन आल्या! पण पोरांचं... थांब, मागं नेऊन बघते.”

ती चटईवर सरकली. सुलक्षणा शेजारी टेकली. राजाचा महाल आला, गेला, पुन्हा आला. मधेच ईश्वरी म्हणाली, “आई, तू असतीस तर गेली असतीस?”

“तुला काखेत मारून गेले असते.”

ऊन ओट्यावरून उतरलं, तेव्हा कुठं सुलक्षणाला आठवण झाली.

“अगंबाई! बाबा, शाळेचं राहिलंच की.”

बाबा झोळीच्या तोंडाशी काहीतरी ओवत होते.

“बाबा, माझी वायर!” ईश्वरी ओरडली.

बाबांनी गाठ मारली. ओढून पाहिली.

“जूनला अजून अवकाश आहे,” ते म्हणाले. “ही वायर मात्र राहू दे इथं. झोळीला बंद हवाच होता.”