टोपीवाली चिठ्ठी

आपल्या आत काय चालतं हे माणसाला ठाऊकच नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. रक्ताच्या नदीकाठी, एका इवल्या पेशीत विणकरकाका नावाचं प्रथिन राहायचं. चिठ्ठीत लिहिलेलं असेल ते काका विणायचे. चिठ्ठीच्या डोक्यावर टोपी मात्र हवी. टोपी असली की चिठ्ठी घरची, असा रिवाजच होता.

एकदा विषाणूची चिठ्ठी धुक्यासारखी तरंगत आली. वाटेत तिने घरच्या चिठ्ठीची टोपी पळवून घातली होती.

"काका, माझ्यासारख्या हजार विणा."

काका गुणगुणत विणत राहिले. पेशी फुगली, भिंत तडकली.

तेवढ्यात एक बोडकी चिठ्ठी धापा टाकत आली. "काका, मी घरची! भिंतीला टेकू विणा, लवकर!"

"आधी टोपी घालून ये, बाळ," काका मायेने म्हणाले आणि पुन्हा विणू लागले.