पुढच्या चाकांचा वाटा

विषय : गावच्या जीपच्या पुढच्या चाकांना इंजिनाच्या ताकदीचा समान वाटा मिळण्याबाबत.
संदर्भ : वरच्या आळीचा अर्ज, आधी तोंडी, मग लेखी, मग चावडीसमोर मोठ्याने.

उपरोक्त विषयाची हकीकत येणेप्रमाणे.

एका डोंगरी गावात एक सरपंच होते. नाव गणूअण्णा ढेबे. त्यांना पोटचे दोन मुलगे होते, पण डोक्याला ताप दोन आळ्यांचा होता. एक वरची आळी, एक खालची. नळाचं पाणी अर्धा वेळ वर, अर्धा वेळ खाली. शाळेच्या झेंड्याची दोरी वरच्या आळीचा माणूस ओढी, गाठ खालच्या आळीचा मारी. ग्रामदेवीच्या पालखीला पुढचे खांदे वरच्या आळीचे, मागचे खालच्या आळीचे. अण्णांचं सगळं राजकारण एका शब्दात मावत असे : अर्धं-अर्धं. त्या शब्दावर ते निवडून येत, आणि दुसरं काहीच न केल्यामुळे पुन्हा निवडून येत.

गावाला रस्ता होता, गाडी नव्हती. आजारी माणसाला झोळीत घालून तालुक्याला न्यावं लागे. झोळीतला माणूस दवाखान्यापर्यंत पोचेल याची खात्री झोळी उचलणारेही देत नसत. शेवटी मुंबईत बस्तान बसवलेल्या एका गाववाल्याने गावाला एक जीप दिली. चारही चाकांना ताकद पुरवणारी. अट एकच, की ती आजाऱ्यांसाठी वापरावी. गावाने अट आनंदाने मान्य केली, कारण आजारी दोन्ही आळ्यांत होते.

जीप आली त्या दिवशी तिची पूजा झाली. पालखीच्या रिवाजाप्रमाणे पुढची दोन चाकं वरच्या आळीने पुजली, मागची दोन खालच्या आळीने. टायर झिजले तर ज्याचे त्याने बदलायचे, हेही तिथेच ठरलं. स्टेपनीवरून वाद होऊ नये म्हणून अण्णांनी ती तटस्थ जाहीर केली.

कंपनीचा माणूस गाडी समजावून द्यायला आला होता. तो म्हणाला, "साध्या रस्त्यावर इंजिनाची जवळजवळ सगळी ताकद मागच्या चाकांना जाते. मधोमध एक क्लच आहे. तो पुढच्या चाकांचा दरवाजा समजा. मागची चाकं घसरायला लागली, की दरवाजा उघडतो आणि ताकद पुढे जाते. मागच्यांना पकड मिळाली, की बंद. गाडी हे आपलं आपण करते. हे एक बटण आहे. ते दाबलं, की दरवाजा उघडाच राहतो. पुढे अर्धी, मागे अर्धी. पण ते फक्त चिखलात दाबायचं. डांबरावर कधीच नाही."

"का नाही?" कुणीतरी विचारलं.

"वळणावर पुढची चाकं मोठा फेरा घेतात, मागची लहान. दोघांना एका दाव्याला बांधलं तर ती एकमेकांना ओढतात. मधला क्लच तापतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या गावात मान डोलावणं हा पाहुणचाराचा भाग होता. समजण्याशी त्याचा संबंध नव्हता.

एकच माणूस मान न डोलावता उभा होता. वरच्या आळीचे पुढारी विठू सपकाळ. "म्हंजी आमची चाकं नुसती मिरवायला?"

खालच्या आळीच्या कोंडाबाई उतेकर अशी संधी सोडणाऱ्या नव्हत्या. त्यांची जीभ आळीच्या संरक्षणखात्यात होती. "विठूभाऊ, तुमची चाकं पाव्हणी हायत. पाव्हण्यास्नी आम्ही काम सांगत न्हाई."

खालची आळी हसली. तिथून पुढे जे झालं ते या हसण्यामुळे झालं. गाडीत कोणताही दोष नव्हता.

वरच्या आळीने अर्ज दिला. आमच्या चाकांना समान वाटा मिळावा, ते बटण कायमचं दाबून ठेवावं, न मिळाल्यास येत्या निवडणुकीत आळी आपला विचार स्वतंत्रपणे करील. शेवटचं वाक्य अण्णांनी पुन्हा वाचलं. कंपनीच्या माणसाचं म्हणणं त्यांना चांगलं आठवत होतं. पण कंपनीचा माणूस या गावात मतदान करत नव्हता.

ग्रामसभेत ठराव झाला. बटण दाबून त्यावर चिकटपट्टी लावण्यात आली. जीप चालवणारे इस्माईल मुल्ला इतकंच म्हणाले, "अण्णा, वळणावर गाडी कण्हंल."

"कण्हू दे. आळी वरडण्यापरास बरं."

मग इस्माईलभाईंनीही वाद घातला नाही. त्यांची नेमणूक पंचायतीची होती आणि त्यांना ती प्रिय होती.

जीप खरंच कण्हू लागली. घाटाच्या प्रत्येक वळणावर ती झटके देई, टायर कचाकचा घासत, खालून जळका वास येई. कोरड्या डांबरावर चारही चाकं एकमेकांशी भांडत तालुक्याला जात आणि भांडत परत येत. गावाला यात काही नवीन वाटलं नाही. उलट वरच्या आळीची माणसं पारावरून कान देऊन ऐकत. "ऐकलंत? आपली चाकं काम करत्यात." ज्याचा आवाज मोठा त्याचं काम मोठं, हा समज फक्त कचेऱ्यांतच असतो असं नाही.

पुढे श्रावणात एका दुपारी कोंडाबाईंच्या छातीत कळ आली. अंगाला घाम सुटला, डावा हात जड झाला. गावच्या आरोग्यसेविकेने नाडी पाहिली आणि म्हणाली, "आत्ताच्या आत्ता न्या. वाटेत थांबू नका."

कोंडाबाईंना मागच्या बाकावर निजवलं. उशाला आरोग्यसेविका बसली, पायाशी अण्णा. इस्माईलभाईंच्या शेजारची पुढची जागा वरच्या आळीच्या मानाची. तिथे विठू सपकाळ बसले. आजारी कुठल्याही आळीचा असो, मान आपल्या जागी असायला हवा.

आठवडाभराच्या पावसानंतर त्या दिवशी उघडीप होती. घाटाचं डांबर वाळलं होतं. वळणामागून वळण गाडी कण्हत उतरली. घाट संपला, ओढा ओलांडला. ओढ्यापलीकडे डांबर संपून एक चढ लागतो. तांबडी माती, आणि पावसाळ्यात तिचं लोणी. इथे चारही चाकांनी एकदिलाने ओढायला हवं होतं.

चढाच्या मध्यावर इस्माईलभाईंसमोरच्या फळीवर लाल दिवा लागला. मागची चाकं जागच्या जागी गरगरू लागली. पुढची स्वस्थ उभी राहिली. गाडी थांबली.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"मधला क्लच तापला," इस्माईलभाई म्हणाले. "जळू नये म्हणून गाडीनंच दरवाजा लावून घेतला. आता पुढं काय जायाचं न्हाई. निवंस्तवर सगळी ताकद मागं."

"कवा निवंल?"

"थोडा वेळ लागंल. पन बटण दाबलेलंच ऱ्हायलं, तर निवल्या निवल्या पुन्हा तापंल."

मागच्या बाकावर कोंडाबाईंचा श्वास वाजत होता. आरोग्यसेविकेने अण्णांकडे पाहिलं आणि नुसतीच मान हलवली. या मान हलवण्यात पाहुणचार नव्हता.

अण्णा खाली उतरले. आयुष्यात त्यांनी कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. आत्ता ज्याला नाही म्हणायला हवं होतं, त्याच्यामागे अर्धं गाव होतं. त्यांनी चिखलात रुतलेली मागची चाकं पाहिली. मग उघड्या दारातून कोंडाबाईंचा पांढरा पडलेला चेहरा पाहिला. खुर्ची आणि हा चेहरा यांत अर्धं-अर्धं होत नव्हतं.

त्यांनी पुढच्या दारातून हात घातला, चिकटपट्टी उचकटली आणि बटण सोडवलं.

विठू सपकाळ म्हणाले, "अण्णा, ठराव हाय!"

"ठराव मी मांडला, मोडतो पन मीच. तुमी खाली उतरा आन् मागं बंपरवर हुबं ऱ्हावा. मागच्या चाकांवर वजन पायजे."

"मी? मागं? आमच्या आळीची जागा पुढं हाय."

"विठू, देवीची पालखी चढाला लागली की भार कुनाच्या खांद्यावर येतो?"

विठूभाऊ पुढच्या चाकांकडे बघू लागले.

"बोल की."

"मागच्यांच्या."

"आन् उतरताना?"

"आमच्या."

"तवा कवा वाटा मागितलास? पालखी थांबवून अर्ज दिलास? आज चढ हाय. चल, मागं हो."

विठू सपकाळ उतरले. चेहरा असा, की जणू आळीचा सातबाराच कुणी फाडला. पण उतरले. अण्णांनी आणि त्यांनी मिळून कारवीच्या फांद्या तोडल्या, ओढ्यातले दगड आणले आणि मागच्या चाकांखाली ठोकून बसवले. दोघांचीही धोतरं गुडघ्यापर्यंत तांबडी झाली. मग दोघे मागच्या बंपरवर चढले आणि हुडाच्या दांडीला धरून उभे राहिले.

आतून कोंडाबाईंचा क्षीण आवाज आला, "विठूभाऊ, नीट हुबं ऱ्हावा. चाकं आमची हायत, आज तुमास्नी उसनी देते."

"वैनी, तुमी गप पडा. बोलायचं ते परत आल्यावर बोला."

"परत आले तर बोलंनच. तवर दम धरा."

थोड्या वेळाने लाल दिवा विझला. इस्माईलभाईंनी गाडी सुरू केली आणि हलकेच दाब दिला. मागची चाकं फांद्यांवर चढली, सरकली, पुन्हा घसरली. आणि तेवढ्यात गाडीच्या पोटातून एक छोटासा हिसका बसला. कुणी न सांगता, ठराव न होता, ताकद पुढे गेली. पुढच्या चाकांनी माती धरली आणि गाडी ओढली. जरा वर गेल्यावर मागच्यांना खडक लागला, तसं पुढच्यांनी काम त्यांच्या हवाली केलं. कण्हण्याचा आवाज अजिबात आला नाही. काम नीट चाललं की ते असंच ऐकू येत नाही.

तालुक्याच्या डॉक्टरांनी कोंडाबाईंना तपासलं, आत घेतलं आणि बऱ्याच वेळाने बाहेर येऊन सांगितलं, "वेळेत आणलंत. आणखी उशीर झाला असता तर मला काही करता आलं नसतं."

कोंडाबाई बऱ्या होऊन परत आल्या आणि राहिलेलं सगळं बोलल्या.

पुढच्या ग्रामसभेत अण्णा उभे राहिले. "बटन आता चिखलातच दाबायचं. एरवी ज्या चाकाखाली जमीन घट्ट, त्याला ताकद. पुढचं का मागचं, ते गाडी बघंल. आन् गाडीत बसायचं ते आजाऱ्याच्या सोयीनं. मान घरी ठेवून यायाचा."

वरच्या आळीला वाटलं, आपला वाटा गेला. खालच्या आळीला वाटलं, चाकं आपली आणि हुकूम अण्णांचा. दोन्ही आळ्या सारख्याच नाराज झाल्या. त्या गावात खरी समानता प्रथम आली ती अशी. पुढच्या निवडणुकीत अण्णा पडले. अडले मात्र नाहीत. जीप वेळेवर जात होती आणि वेळेवर येत होती, आणि संध्याकाळी पारावर बसून ते ती न कण्हता घाट चढताना बघत. त्यांच्या चेहऱ्यावर पडलेल्या माणसाचं काही दिसत नसे.

त्यांनी जाताजाता आणखी एक काम केलं. ओढ्यापलीकडच्या चढावर खडी टाकून डांबर करावं, असा अर्ज तालुक्याच्या कचेरीत दिला. त्यावर विठू सपकाळांची सही होती आणि शेजारी कोंडाबाईंचा अंगठा. इतक्या वर्षांत चिखलाबद्दल कुणी अर्ज केलाच नव्हता, कारण चिखल कोणत्याच आळीचा नव्हता. कचेरीने उलट टपाली विचारणा केली, की सदर चढ कोणत्या आळीच्या वापरात आहे ते कळवावे. दोन्ही आळ्यांच्या, असं उत्तर गेलं. असा रकाना छापील नमुन्यात नसल्याने प्रकरण अभिप्रायासाठी पुढे पाठवण्यात आलं.

सदर अर्ज अद्याप प्रलंबित आहे.

तात्पर्य: ताकद मानाने वाटू नये, पकडीने वाटावी, गरज नसताना हट्टाने घेतलेला वाटा गरजेच्या वेळी हाती उरत नाही.