तीन काळी पातेली

एका राज्यात मणिकेतू नावाचा राजा होता. प्रजेचे कष्ट त्याला बघवत नसत. एकदा शून्याक्ष नावाचा मांत्रिक दरबारी आला आणि म्हणाला, "राजन, प्रजेचे काम मला दे. माझ्या सावल्या ते करतील." राजाने दयेपोटी होकार दिला.

त्या दिवसापासून सावल्या नांगर धरू लागल्या, माग चालवू लागल्या. कशाचाही आवाज होत नसे. सावल्या विस्तवाला भीत, म्हणून चुली थंड पडल्या. माणसे उंबऱ्यावर बसून कच्चे धान्य चघळीत. महिन्याभरात ती आपापली नावे विसरली. राजकन्या कुमुदिनीच्या हातची सुईदेखील सावलीने नेली होती. एका सकाळी तिने बापाला विचारले, "तुम्ही कोण?"

राजा पायीच नगरात निघाला. एकच भट्टी पेटलेली होती; विस्तवामुळे तिथे सावल्या फिरकत नसत. ठकूबाई कल्हईवाली आपलीच जुनी भांडी पुन्हा पुन्हा उजळीत बसली होती. तिथल्या कडुनिंबावरून पिंगळा पक्षी बोलला, "डोंगराच्या विवरात तीन काळी पातेली आहेत. प्रजेचे काम त्यांत कोंडले आहे. तिन्हींना कल्हई झाली की शाप सुटेल. पण दर पातेल्यामागे करणाऱ्याचे काहीतरी जाईल."

"माझ्यापाशी जाण्यासारखे आहे तरी काय?" ठकूबाई म्हणाली. "पण भाता कोण ओढील?"

"मी," राजा म्हणाला.

भाता, कोळसा आणि कथील घेऊन दोघे डोंगर चढली. विवरात शून्याक्ष बसला होता. त्याने त्यांना अडवले नाही. ठकूबाईने भट्टी मांडून पातेले तापवले, नवसागर टाकला, कथील लावून कापसाने फिरवले. पहिले पातेले उजळले आणि ती आपले गाव विसरली. दुसरे उजळले आणि मेलेल्या नवऱ्याचा चेहरा गेला. तिसरे भट्टीवर चढवताच नाव गेले.

"बाई, कोणासाठी राबतेस?" शून्याक्षाने हळूच विचारले.

"ठाऊक नाही."

"मग बस."

ठकूबाई बसली. तिचे डोळे उंबऱ्यावरच्या माणसांसारखे झाले. राजाच्या तळहातांची सालटी निघाली होती, तरी तो भाता ओढीत राहिला. पातेले लाल झाले. तेव्हा तिचा हात आपसूक कापसाकडे गेला.

"आता थांबले तर तळ जळेल," ती म्हणाली आणि उठली.

कथील पातेलेभर चांदीसारखे धावले. शून्याक्ष भिंतीवरचा डाग झाला, मग तोही पुसला गेला. खाली नगरात माग खडखडू लागले, चुलींचा धूर वर आला, माणसे एकमेकांना नावाने हाका मारू लागली. ठकूबाईलाही आपले सारे आठवले.

राजवाड्याच्या दारात कुमुदिनी उभी होती. "बाबा," ती म्हणाली, "हातांना काय झाले?"

"भाता ओढला," राजा म्हणाला. तिने पदर फाडून त्याचे हात बांधले.

ठकूबाईला मात्र बसायला उसंत नव्हती. भट्टीपुढे साऱ्या नगराची भांडी येऊन पडली होती.